गच्ची गळतेय : कोटिंग, नवा कोबा की स्लॅबच पाडायचा?

तुम्ही लिहिलंय की घर 30 वर्षांचं, गच्ची गळतेय, पेंटर म्हणतो केमिकल मारू, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो वरून नवा कोबा (स्लॅबवरचा विटांचे तुकडे आणि सिमेंटचा उताराचा थर) टाकू आणि नातेवाईक म्हणतात स्लॅबच पाडा. तिघंही स्लॅबला हात न लावता बोलतायत, म्हणून आधी एक काम करा, शिडी लावून खालून छतावर हातोडीने हलकेच ठोकत फिरा (चष्मा घाला, पोपडे डोळ्यात जातात). टणक आवाज आला तर ठीक. भदभद, पोकळ वाजलं की आतली सळई गंजली असण्याची शक्यता धरा, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. अशा स्लॅबला वरून कितीही भारी केमिकल फासलं तरी आतली सळई काही भरून येत नाही, तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरच बोलवायचा. थोड्या जागी असेल तर खराब काँक्रीट काढून, सळई घासून, गरज असेल तिथे जोड सळई देऊन पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला दुरुस्तीचा सिमेंट-माल) भरतात. सगळीकडेच असेल तर मात्र नातेवाईक बरोबर.

आणि हो, पाऊस नसतानाही ओल वाढत असेल तर आधी टाकी आणि पाईप तपासा, गच्चीला उगाच दोष नको. गळती खाली दिसते तिथेच वर भोक असेल असंही नाही, पाणी कोब्याच्या आतून फिरत फिरत लांब कुठेतरी उतरतं.

स्लॅब टणक असेल तर प्रश्न फक्त वॉटरप्रूफिंगचा. पण जुन्यावर नवा कोबा अजिबात नको. 4 इंची कोबा म्हणजे चौरस मीटरला साधारण 200 किलो वजन, ते दुप्पट कशाला करायचं, शिवाय जुन्यात मुरलेलं पाणी आतच अडकतं. जुना काढा, छोट्या ब्रेकरने किंवा छिन्नीने, आणि डेब्रिज स्लॅबच्या मधोमध ढीग न घालता रोजच्या रोज खाली उतरवा. मग भेगा भरणं, वॉटरप्रूफिंगचा थर, त्यावर उताराचा कोबा. उतार निदान 1:100, म्हणजे 10 फुटाला सव्वा इंच, तोसुद्धा आउटलेटकडे (हे सांगावं लागतं!). पॅरापेटच्या, म्हणजे कठड्याच्या भिंतीच्या, तळाशी कोपऱ्यात गोल वाटा (सिमेंटची गोलाई) करून थर भिंतीवर फूटभर चढवून घ्या, बऱ्याच गळत्या तिथल्याच असतात.

कोबा चांगला आहे, वर फक्त केसासारख्या भेगा आहेत, तर पेंटरचं कोटिंग चालेल, पण गच्ची पूर्ण सुकलेली हवी नाहीतर फुगे येतात, आणि काही वर्षांनी परत मारावं लागणार हे धरून चाला.

काहीही केलंत तरी शेवटचा हप्ता देण्याआधी आउटलेट बंद करून 48 तास पाणी साठवून बघा. स्लॅब कमकुवत निघाला असेल तर हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको, 1 इंच पाणीसुद्धा चौरस मीटरला 25 किलो होतं. ठोकून झालं की पोकळ वाजलेल्या जागांना खडूने गोल करून फोटो टाका, सळई कुठल्या दिशेने गंजलीय ते बघू.