एजंटने अमेरिकी व्हिसाच्या अर्जाला खोटं बँक स्टेटमेंट जोडलंय. कॉन्सुलेट मुंबई पोलिसांना कळवतं का?

हो, कळवतं. अमेरिकी कॉन्सुलेटच्या तक्रारींवरून बीकेसी पोलीस ठाण्यात गुन्हे नोंदले गेलेत, आणि एजंटबरोबर अर्जदारही अडकलेत. 'फॉर्म एजंटने भरला' हे इंटरव्ह्यूच्या खिडकीवर सांगून भागत नाही; डीएस-१६० या ऑनलाइन व्हिसा फॉर्मच्या शेवटी बटण दाबून सही तुमचीच होते. (पासपोर्ट नंबर टाकायला लावतात, तीच ती सही.) बनावट कागद खरा म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४० खाली गुन्हा आहे, शिवाय अमेरिकेची दारं कायमची बंद होऊ शकतात.

इंटरव्ह्यू झाला नसेल तर तो अर्ज पुढे रेटू नका. एजंटचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, पैसे दिल्याचे स्क्रीनशॉट जपा, आधी वकील गाठा आणि मग त्याच्या सल्ल्याने स्वतःहून तक्रार द्या. एजंट 'मिटवून टाकू' म्हणेल, ऐकू नका.