कॅम्पला निघालात? चिक्की घरीच ठेवा

अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती समर कॅम्पवर मी एक उन्हाळा काढला, तेव्हापासून चर्चमधली तरुण मुलं आणि त्यांच्या आया मला प्रश्न विचारत असतात. या वेळचे चार.

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे. कौन्सेलर म्हणून निवड झाली आहे. आई म्हणते, तिकडे नेऊन भांडी घासायला लावतील. (मालवण)

जे-१ हा अमेरिकेचा देवाणघेवाण कार्यक्रमांसाठीचा व्हिसा. त्याच्या कॅम्प कौन्सेलर गटात स्वयंपाकी किंवा भांडी घासणारी म्हणून नेता येत नाही, असा नियमच आहे. मुख्य काम मुलं सांभाळण्याचं हवं. वय किमान १८, मुदत जास्तीत जास्त ४ महिने. व्हिसासाठी लागणारा डीएस-२०१९ फॉर्म तुला पाठवतील, तो आला की त्यावर हाच गट लिहिलाय ना, तेवढं बघ.

आळीपाळीनं भांडी घासणं मात्र कुणाला चुकत नाही. सकाळी प्रवचन देणारे पाद्रीबाबा दुपारी माझ्या शेजारी उभं राहून ताटांतलं उष्टं खरवडायचे. मी जाताना साक्ष, म्हणजे देवानं माझ्या आयुष्यात काय केलं ते, सहा पानं लिहून नेली होती. उभ्या उन्हाळ्यात ती कुणी मागितली नाही. मागितलं काय, तर रात्री दोन वाजता ओली झालेली चादर बदलून.

प्रश्न : लेकीसोबत शेंगदाण्याचे लाडू आणि चिक्की देऊ का? (वेंगुर्ला)

नको हो ताई. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाचा श्वास थोड्याशा कणांनीही कोंडू शकतो. बऱ्याच कॅम्पवर शेंगदाण्याला बंदीच असते. मालवणी खाजं द्या, बेसन, गूळ आणि आल्याचं. तेही पोचल्यावर आधी कॅम्पच्या नर्सला दाखवायला सांगा.

प्रश्न : मी समुद्रात पोहत वाढलो. तळ्यावर लाइफगार्डचं प्रशिक्षण घ्यायलाच हवं का? (देवबाग)

हवं. मीही याच गुर्मीत गेले होते. खारं पाणी अंगाला उचलून धरतं, गोडं तेवढं धरत नाही. पहिल्याच दिवशी अर्ध्या तळ्यात माझे हात भरून आले. शिवाय पाणी गार, आणि तळ दिसत नाही.

पण खरी गोष्ट पोहण्याची नाहीच, मोजण्याची आहे. काठावर लाकडी फळी असते, तिच्यावर प्रत्येक मुलाच्या नावाचा बिल्ला. पाण्यात जाताना बिल्ला फिरवायचा, बाहेर आल्यावर पुन्हा फिरवायचा. दर थोड्या वेळानं शिट्टी होते आणि मुलं आपापल्या जोडीदाराचा हात धरून वर करतात. एकदा माझ्या मोजणीत एक बिल्ला जास्त निघाला. तळं रिकामं केलं, मोठी माणसं हातात हात गुंफून रांगेनं पाण्यात उतरली. पोरगं संडासात बसलेलं सापडलं. बिल्ला न फिरवता गेलं होतं, आणि माझं लक्ष नव्हतं. कुणी मला एक शब्द बोललं नाही. संध्याकाळी प्रमुख बाईंनी माझ्या हातात शिट्टी दिली आणि दुसऱ्या दिवशीची मोजणीही मलाच करायला लावली.

आपल्याकडे मे महिन्यात चर्चची सहल किनाऱ्यावर जाते, तेव्हा मुलं कोण मोजतं रे?

प्रश्न : परत आल्यापासून आपल्या चर्चमध्ये करमत नाही. तिकडच्यासारखी गिटार नाही, शेकोटी नाही. तसा कॅम्प इथे सुरू करावा का? (सावंतवाडी)

कर, पण जूनमध्ये नको. तिकडे तळी गजबजतात, तेव्हा आपल्याकडे १ जूनपासून मासेमारी बंद होऊन होड्या वर ओढलेल्या असतात. दिवाळीच्या सुट्टीत कर. गिटार घे, मला आवडते. मात्र रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ साली जन्मलेल्या रेव्हरंड टिळकांची भजनं पेटीवर म्हणणारी म्हातारी मंडळी तुझ्याच चर्चमध्ये असतील, त्यांना आधी बोलाव. शेकोटीचं म्हणशील, तर नारळाच्या झावळ्या भराभर पेटतात आणि ठिणग्या लांब उडवतात. त्यापेक्षा करवंट्या घे. आणि एक नियम तिकडचा जसाच्या तसा उचल : कोणताही मोठा माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत थांबणार नाही. फादरसुद्धा नाही. यावर कुणी रागावलं तर रागावू दे.