डोंगरात गाडीत राहायची सवय किती दिवसांत होते?

तुम्ही विचारलंय की मुलुंडचा फ्लॅट भाड्याने देऊन, व्हॅनमध्ये बिऱ्हाड करून हिमाचलात कायमचं राहायला जायचं आहे, तर सवय व्हायला किती दिवस लागतात आणि सगळ्यात जड काय जातं? मी आणि माझा नवरा २०२२च्या सप्टेंबरपासून असे राहतो आहोत. दर वर्षी एप्रिलमध्ये महिनाभर आईकडे मुंबईला येतो. आत्ताही इथेच आहे, म्हणून जरा निवांत बसून लिहिते.

आम्हाला पूर्ण वर्ष लागलं. एक हिवाळा, एक पावसाळा आणि परत थंडीची चाहूल, एवढं सगळं अंगावरून गेल्यावर कुठे गाडी घरासारखी वाटायला लागली. कुणी महिन्याभरात सवय होते म्हणून सांगितलं, तर ते ऋतू बदलायच्या आधीचं सांगतायत असं समजा.

लहान जागेची भीती लोक उगाच घालतात. मुंबईच्या माणसाला तरी ती घालू नये. मी नायगावच्या बीडीडी चाळीत वाढले. १६० चौरस फुटांची खोली, आम्ही सात माणसं, संडास पॅसेजच्या टोकाला. सकाळी गाद्या गुंडाळल्या की तीच जागा जेवायची, तीच अभ्यासाची. वस्तू वापरली की जागच्या जागी ठेवायची हे आईने बोलून बोलून हाडीमाशी खिळवलं होतं. गाडीत आतली मोकळी जागा जेमतेम पन्नास चौरस फूट, पण दुसऱ्या आठवड्यात अंधारातही काडेपेटी कुठे आहे ते हाताला कळत होतं. फ्लॅटमधून आलेल्याला थोडं जास्त जड जाईल, पण तेही जमतं.

जड जाते ती ओल. तिच्याबद्दल मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सविस्तर सांगते.

पहिला नोव्हेंबर. पालमपूरच्या पुढे एका चहाच्या मळ्याजवळ गाडी उभी होती. पहाटे चारच्या सुमारास कपाळावर टपकन थेंब पडला. मला वाटलं छत गळतंय. दार उघडून पाहिलं तर आभाळ स्वच्छ, चांदण्यांनी भरलेलं. टॉर्च वर मारला आणि मग दिसलं. छताच्या फळ्या ज्या स्क्रूंनी पत्र्याला ठोकल्या होत्या, त्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर एकेक थेंब लोंबत होता, ओळीने, शिस्तीत. बाहेरची थंडी पत्र्यातून स्क्रूमध्ये उतरलेली आणि आमच्या श्वासाची वाफ त्या गार लोखंडावर धरलेली. दोन माणसं रात्रभर झोपली तर नुसत्या श्वासातून नि घामातून अर्धा लिटर पाणी सहज हवेत जातं. त्यात संध्याकाळी आतच भात शिजवलेला. ते पाणी जाणार कुठे? सकाळी गादी उचलली तर खालच्या प्लायवुडवर काळे ठिपके, बुरशीचे.

गाडी आतून बांधून देणाऱ्या गॅरेजवाल्याने छताला हवेची वाट ठेवलीच नव्हती. मुंबईत गाडी बांधून घेतली की हेच होतं. इथे उकाड्याचा विचार होतो, थंडीचा होत नाही. पुढे आम्ही छताला हवा बाहेर फेकणारा लहान पंखा बसवला, उघडा पत्रा आणि सगळे स्क्रू आतून लोकरी नमद्याने, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाने, झाकले आणि पलंगाची सलग फळी काढून बोटभर फटी ठेवलेल्या पट्ट्या लावल्या. आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या रात्रभर बोटभर उघड्या. बाहेर दोन अंश असताना खिडकी उघडी ठेवायची हे मनाला पटायला फार वेळ लागतो. पण त्याला दुसरा उपाय नाही, आणि हे फक्त ओलीसाठी नाही. बंद गाडीत शेगडी, अंगीठी किंवा गॅस ऊब म्हणून पेटता ठेवून झोपणं म्हणजे मरण आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, झोपलेल्या माणसाला कळतच नाही. त्याचा अलार्म मिळतो, तो उशाशी लावा. ऊब हवी असेल तर गरम पाण्याची रबरी पिशवी आणि जाड रजई.

आता उंचीचं. आपल्याकडे डोंगर चढायची कितीही सवय असली तरी तिचा इथे उपयोग नाही. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, आणि मनालीचा बाजारच दोन हजारांच्या वर आहे. स्पितीतलं काझा सुमारे ३,६५० मीटर. मनालीहून काझा एका दिवसात गाठता येतं, आणि म्हणूनच लोक फसतात. आम्ही शिमला-किन्नौरच्या बाजूने जातो, कल्पाला दोन-तीन रात्री, मग ताबोला, मग वर. तीन हजार मीटरच्या पुढे एका दिवसात झोपायची जागा पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही हा नियम आम्ही मोडत नाही. डोकं ठणकतंय, मळमळतंय, चालताना तोल जातोय, तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं. म्हणून रोज गाडी लावताना तोंड उताराच्या रस्त्याकडे करून लावतो.

स्वयंपाकातही उंची आडवी येते. काझाला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे तूरडाळ उघड्या पातेल्यात दोन तास रटरटली तरी दाण्याचा दाणाच राहते. कुकरशिवाय गत नाही, त्याची एक जादा रिंगही जवळ ठेवा. घरून नेलेली सीलबंद पाकिटं वर गेल्यावर उशीसारखी फुगतात. आईने घट्ट दादरा बांधून दिलेल्या लोणच्याच्या बरणीतून पहिल्या वर्षी तेल असं वर आलं की कपड्यांच्या दोन पिशव्यांना महिनाभर मोहरीचा वास होता. आता निघताना लोणचं बरणीत पाऊणच भरते. गॅसचंही तसंच. सिलिंडरमधला ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचं थांबतो, मग भरलेल्या सिलिंडरवरही ज्योत मंदावते. पाच किलोचा छोटा सिलिंडर सोयीचा, पण तो गार पत्र्यावर ठेवू नका, खाली जाड लाकूड घाला आणि त्याला जाळाने शेकायचा विचार स्वप्नातही करू नका. लिथियम बॅटरीही शून्याखाली चार्ज करायची नसते, म्हणून ती बाहेरच्या पेटीत न लावता पलंगाखाली, आतल्या उबेत ठेवा.

संडासाचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण मनात असणारच. आमच्याकडे लघवी वेगळी जाईल असा डबा आहे, बाकीच्यावर लाकडाचा भुसा टाकायचा. स्पितीतल्या घरांत कोरडे संडास असतात, वरच्या मजल्यावर भोक आणि खाली माती-राख टाकून त्याचं शेताला खत. विचारलं तर लोक वापरू देतात, फक्त आत पाणी ओतायचं नाही. आपण मुंबईची माणसं सवयीने बादली घेऊन जातो आणि त्यांचं वर्षाचं खत नासवतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. गाडीच्या रचनेत बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे त्याची आरटीओत परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. ती नसेल तर विम्याचा दावा अडकू शकतो. आणि एमएच नंबरची गाडी सलग बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली तर कलम ४७ प्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो. कायमचं जायचं म्हणताय, तर हे आत्ताच बघून ठेवा.

आता सगळ्यात जड काय गेलं ते सांगते. संध्याकाळ.

डिसेंबरात कांगड्यातल्या बीरच्या बाजूला साडेपाचच्या आत दिवस मावळतो आणि उजाडायला सात वाजून जातात. चौदा तास अंधार, आणि त्यातले सहा-सात जागेपणाचे. चाळीत पॅसेजमध्ये नुसतं पाऊल वाजलं तरी कोण आलं ते आम्हाला कळायचं. कुणाच्या कुकरची शिट्टी, कुणाचं भांडण, कुणाच्या घरी आज सुकट भाजतायत. गाडीत दार लावलं की ओढ्याचा आवाज, बस. पहिले पंधरा दिवस ते फार सुंदर वाटलं. जानेवारीत मी रोज संध्याकाळी रडत होते. नवरा आयुष्यभर रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये शंभर माणसांत वावरलेला, तो बोलेनासाच झाला. आमचं भांडण नव्हतं. बोलायला दिवसभरात काही घडतच नव्हतं.

चूक अशी होती की चाकं आहेत म्हणून आम्ही दर तीन दिवसांनी जागा बदलत होतो. रोज दुपारपासून एकच घोर, आज गाडी कुठे लावायची, पाणी कुठे मिळेल, कुणी उठवून लावेल का? असं फिरणाऱ्याला सगळे प्रवासी समजतात. चहा देतात, फोटो काढतात, आणि विसरतात.

फेब्रुवारीत आम्ही बीरजवळच्या एका गावात एका घराचं अंगण महिन्याच्या भाड्याने घेतलं. नळ त्यांचा, न्हाणीघर त्यांचं, गाडी आमची. घरातल्या म्हाताऱ्या बाईंना आम्ही अम्माजी म्हणतो. पहिले आठ दिवस त्या नुसतं लांबून बघत. मग एका सकाळी तरातरा आल्या, आमची गादी स्वतः ओढून बाहेर काढली आणि त्यांच्या स्लेटच्या उतरत्या छपरावर पसरली. दहाला घालायची, तीनला आत घ्यायची, त्यानंतर हवा ओली होते, असं मला दटावून सांगितलं. हिवाळाभर पंखे आणि नमदे लावून जे पुरतं झालं नव्हतं, ते त्या गादीला रोज पाच तास ऊन मिळाल्यावर झालं. होळीला मी पुरणपोळ्या केल्या. हरभऱ्याची डाळ गोड करून पोळीत भरतात याचं त्यांना इतकं नवल वाटलं की त्यांनी शेजारच्या चार बायकांना बोलावून आणलं. गाडीच्या पायरीवर त्या बसल्या, मी आत तव्याजवळ. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा पॅसेज आठवला आणि रडू आलं नाही.

तेव्हापासून आम्ही वर्षाचे दोनच मुक्काम करतो. कांगड्याचे गद्दी मेंढपाळ हेच करत आले आहेत, उन्हाळा लागला की कळप घेऊन धौलाधार ओलांडून लाहौलकडे, थंडीला परत खाली. आपले धनगर पावसाळा संपला की कोकणात उतरतात आणि जूनच्या तोंडावर देशावर परततात, तसंच. आम्ही ऑक्टोबर ते मार्च अम्माजींच्या अंगणात असतो, जूनपासून सप्टेंबरपर्यंत स्पितीत. कांगड्यात पावसाळा मुसळधार असतो आणि स्पिती पर्जन्यछायेत, त्यामुळे हे बेतात बसतं. फक्त पाऊस धरायच्या आत वर पोचायचं. जुलै २०२३ मध्ये बियासला पूर आला तेव्हा मनाली-कुल्लू रस्त्याचे तुकडेच्या तुकडे वाहून गेले. नदीकाठची सपाट हिरवळ गाडी लावायला कितीही मोहाची वाटली तरी पावसाळ्यात तिथे एक रात्रही काढू नका. मनाली-काझा रस्त्यावर ग्राम्फू-बातलच्या बाजूला रस्त्यावरून वाहणारे नाले सकाळीच ओलांडा, दुपारी बर्फ वितळून त्यांना पाणी चढतं. पूर्ण हिवाळा स्पितीत गाडीत काढायचा विचार पहिल्या दोन-तीन वर्षांत तरी करू नका. नळ गोठतात, डिझेल थिजतं.

तुम्ही घरून काम करता म्हणताय, म्हणून एक. नेटवर्क बघून गाव निवडू नका, गाव निवडून मग त्यात नेटवर्क कुठे येतं ते शोधा. मी पुस्तकांची मुद्रितं तपासते. फाइल पाठवायला रोज एका दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसते, आणि त्या ओट्यावरच माझ्या निम्म्या ओळखी झाल्या.

दिवाळीत निघायचं ठरवलंय ना? त्याआधी एक करा. गाडी बांधून झाली की जुलैत भंडारदऱ्याला आठ रात्री राहून या, दोघंही, एकाच जागी. तिथल्या घाटघरच्या पावसात उंची कळणार नाही, थंडीही फारशी नाही, पण ओल नक्की कळेल आणि लांबलेली संध्याकाळही. रोज आतच जेवण करा, कपडे आतच वाळवा. गावात कुणाच्या तरी अंगणात परवानगी काढून गाडी लावा, धरणाच्या काठी एकटी नको. आठव्या दिवशी सकाळी गादी उचलून खालच्या फळीवरून हात फिरवा. ओली लागली तर गाडी परत गॅरेजला न्या आणि दिवाळीचं जाणं होळीवर ढकला.