शाहीर गेले, आवाज राहिला. पण तो ऐकवत नाही

"सगळे म्हणतात, तुमचं नशीब थोर, त्यांचा आवाज तरी मागं राहिलाय. आणि मला तोच ऐकवंना झालाय. मी त्यांना विसराय लागलेय का ओ?"

कोल्हापुरातल्या एका पेठेत राहणाऱ्या काकूंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, एकापेक्षा जास्त घरांतल्या गोष्टी इथं एकत्र आल्या आहेत.) काका स्वतः पोवाडे रचायचे आणि डफावर थाप मारून गायचे. त्यांना जाऊन सात महिने झाले होते. नेमका हाच प्रश्न गायक, कीर्तनकार, भजनी बुवा यांच्या घरांतून आमच्याकडे वारंवार येतो.

उत्तर सरळ आहे. हे विसरणं नाही. इतकी वर्षं तो आवाज कानावर पडला, म्हणजे माणूस आसपास आहे, हे मनाला पाठ झालेलं असतं. रेकॉर्डिंग लागलं की मन क्षणभर त्यांची वाट बघतं आणि दुसऱ्याच क्षणी 'ते नाहीत' हे नव्यानं कळतं. दर वेळी तीच बातमी पुन्हा ऐकल्यासारखं होतं. छातीत धस्स होणं, हातपाय गार पडणं, खोली सोडून जावंसं वाटणं, हे सगळं त्यातून येतं.

फोटोकडे पाठ फिरवता येते. आवाज न विचारता घरात येतो. पिराजीराव सरनाईक, लहरी हैदर अशा शाहिरांच्या या गावात तर फारच. शिवजयंती फेब्रुवारीत आणि पुन्हा वैशाखात, मग २६ जूनला शाहू जयंती. तालमीच्या स्पीकरवर पोवाडा लागणारच. लोकांनी आपल्या शाहिराला असंच आठवायचं असतं. शाहीर साबळे २०१५ साली गेले आणि २०२३ साली त्यांच्या आवाजातलं 'जय जय महाराष्ट्र माझा' राज्यगीत झालं. लोकांसाठी तो अभिमान आहे. घरच्यांना मात्र असा आवाज सोसायला वेळ लागू शकतो, आणि तो वेळ मागणं म्हणजे कृतघ्नपणा नाही.

काकूंच्या घरी पहिला अडथळा अगदी साधा निघाला. थोरल्या मुलानं वडिलांनी गायलेला गण, म्हणजे पोवाड्याआधीचं नमन, फोनची रिंगटोन म्हणून ठेवला होता. प्रेमानंच, पण प्रत्येक फोनला आईचा जीव वरखाली. ती त्याच दिवशी बदलली. नातेवाइकांच्या ग्रुपवर आणि तालमीतल्या मंडळींना मुलानं सांगितलं, 'आईला विचारल्याशिवाय बाबांचं रेकॉर्डिंग पाठवू नका, कार्यक्रम असेल तर आदल्या दिवशी कळवा.' आवाज पुन्हा ऐकायची सवय करायची तर आधी तो अचानक येणं थांबवावं लागतं. हे न करता पुढची पायरी घेतली की सगळं फिसकटतं.

धाकट्याचं उलट होतं. तो रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हेडफोन लावून वडिलांना ऐकत बसायचा, सकाळी कामावर उशीर. घरात भांडण असं, की आईला माया नाही आणि पोराला वेड लागलंय. खरं तर दोघंही एकाच गोष्टीपासून पळत होते: एक आवाज टाळून, दुसरा तो बंदच न करून. धाकट्याला ठरवून दिलं की ऐकायचं ते संध्याकाळी, अर्धा तास, अंथरुणात नाही.

काकूंची सुरुवात आवाजानं केली नाही, वहीनं केली. काकांच्या हातच्या वह्या होत्या, खोडलेल्या ओळींसकट. आठवड्यातून तीनदा, दुपारच्या चहानंतर पंधरा मिनिटं, नातीनं मोठ्यानं वाचायचं. रात्री नाही, कारण त्या वेळी मन थकलेलं असतं आणि नंतर झोप लागत नाही. तीन आठवड्यांनी फोनवर तीनच मिनिटं आवाज, पण फोन काकूंच्या हातात आणि बंद करायचं बटण त्यांच्या अंगठ्याखाली. आधी, मधे आणि नंतर त्रासाला शून्य ते दहा असा आकडा द्यायचा. आकडा चढला की लगेच उठून जायचं नाही. पाय जमिनीवर टेकवून, श्वास सावकाश सोडत दोनेक अंकांनी उतरेपर्यंत बसायचं. आठच्या वर गेला तर आवाज बंद, बसणं चालू. नंतरचं काम आधीच ठरलेलं: शेजारणीबरोबर रंकाळ्यावर एक चक्कर.

इथं एक गोष्ट कळली. गण चालायचा, युद्धाचं वर्णन चालायचं, मागं साथ देणाऱ्या झीलकऱ्यांचं 'जी जी जी' तर त्यांना आवडायचंच. शेवटच्या कडव्यात शाहीर आपलं नाव गुंफतो; तिथं श्वास अडकायचा. म्हणून बरेच दिवस त्या कडव्याआधीच थांबलो. ते कडवं आधी वहीतून वाचलं, मग शिष्यानं म्हटलं आणि सगळ्यात शेवटी काकांच्या आवाजात ऐकलं.

कॅसेटचं काम सर्वांत जवळच्या माणसाला देऊ नये. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला पूर्ण तास लागतो आणि तो तास तो आवाज ऐकावा लागतो. ते नातवाकडे दिलं, हेडफोन लावून. आधी कॅसेटची टेप दिसते त्याच्या उलट्या कडेची प्लास्टिकची दोन छोटी पाती मोडायची, म्हणजे चुकून पुसलं जात नाही. टेपरेकॉर्डरचं हेड साफ करायचं, कॅसेट एकदा पूर्ण पुढं-मागं फिरवायची, मग लावायची. पांढरी बुरशी दिसली तर घरच्या डेकमध्ये घालायचीच नाही, जाणकाराकडे द्यायची. टेप गुंतून तुटली की घरात पुन्हा सुतक पडल्यासारखं होतं. दवाखान्यातून पाठवलेला शेवटचा आवाजी निरोप सर्वांत अवघड. तो दोन ठिकाणी जपून ठेवला आणि ऐकायचं पुढं ढकललं.

हे सगळं घरी जमेलच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, लांबलेल्या दुःखाचं निदान मृत्यूनंतर किमान सहा महिन्यांनी करता येतं, अमेरिकी पद्धतीत मोठ्या माणसांसाठी वर्षानं. पण नुसते महिने मोजायचे नसतात. बहुतेक रोज तीव्र ओढ किंवा वेदना, घरकाम-नोकरी ठप्प, जगण्यात अर्थच नाही असं वाटणं, हे असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. 'त्यांच्याकडं जायचंय' असं कुणी बोललं तर मुदत बघत बसू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

वर्षश्राद्धाच्या कार्यक्रमाचा क्रम काकूंनी स्वतः ठरवला. पावसाळ्यात डफाचं कातडं सैल पडतं. तो निखाऱ्यावर शेकून द्यायचं काम आयुष्यभर त्यांचंच होतं, ते त्यांनी मागून घेतलं. पोवाडा शिष्यांनी म्हणायचा, नावाचं कडवंही त्यांनीच. काकांचं रेकॉर्डिंग एकच, सुरुवातीला, पाच मिनिटांचं, आणि ते कधी लागणार हे त्यांना आधीच माहीत. काकूंची खुर्ची दाराजवळ. रचनांचे हक्क कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं वारसांकडे राहू शकतात, म्हणून काय कुठं टाकायचं आणि काय घरातच ठेवायचं, ते तिघांनी बसून लिहून काढलं.