व्हायरल ट्रेंडमधून छोट्या ब्रँडने नेमकं काय शिकावं?

ट्रेंडमागे धावण्यापेक्षा लोक आपल्याबद्दल काय बोलतायत तिकडे कान ठेवा, असं माझं मत.

नोव्हेंबर 2023 मध्ये अमेरिकेतल्या एका बाईंनी जळून खाक झालेल्या आपल्या गाडीचा व्हिडिओ टिकटॉकवर टाकला. आत स्टॅन्ली कंपनीचा टम्बलर (पेय थंड-गरम ठेवणारा स्टीलचा मोठा पेला) शाबूत, आणि हलवला तर चक्क बर्फाचा आवाज! असली जाहिरात पैसे ओतूनही होत नाही. काही दिवसांतच कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष टेरेन्स रायली यांनी स्वतः व्हिडिओतून उत्तर दिलं: नवे टम्बलर तर पाठवतोच, गाडीही देतो. प्रसिद्धीच्या मानाने खर्च किरकोळच म्हणायचा. अर्थात, वस्तूच तकलादू असती तर दाखवायला काही उरलंच नसतं.

गाडी वाटायची ऐपत नसली तरी कॉमेंट आणि टॅग रोज वाचता येतात, आणि मालकाने स्वतः दिलेलं उत्तर लोकांना लगेच कळतं.

उलट मार्च 2025 मधली घिब्ली या जपानी अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या शैलीतल्या एआय चित्रांची लाट आठवा. जो तो ब्रँड तेच टाकत होता. त्यातला एक तरी तुमच्या लक्षात आहे? वर दुसऱ्याची शैली फुकटात उचलल्याची टीका झाली ती वेगळीच.