पाचवा महिना सरत आला, वजन 3 किलोच वाढले आहे आणि सासूबाई 'दोन जिवांचे खा' म्हणतात. वजन नेमके किती वाढायला हवे?

दिवस जाण्यापूर्वीचे वजन आणि उंची तुम्ही लिहिलेली नाही, आणि त्यावाचून 3 किलो कमी की पुरेसे हे ठरवता येत नाही. बीएमआय (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 18.5 ते 24.9 असेल तर नऊ महिन्यांत 11.5 ते 16 किलो आणि 25 ते 29.9 असेल तर 7 ते 11.5 किलो वाढ योग्य मानतात. त्यातही पहिल्या तिमाहीत अर्धा ते दोन किलो पुष्कळ झाले.

'दोन जिवांचे खा' हे वाक्य मात्र मला आजही झोंबते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमच्या घरी मी गरोदर राहिले तेव्हा माझी उंची 5 फूट 1 इंच आणि वजन 66 किलो होते, म्हणजे बीएमआय साधारण 27.5, त्यामुळे उपकेंद्रातल्या नर्सबाई दर महिन्याला तायी कार्डावर (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारे तपासणी-नोंदीचे कार्ड) वजन लिहिताना 'बेतानं हं' असे बजावत. इकडे थोरल्या जाऊबाई गोकाकहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला करदंटाचा (गूळ, डिंक, सुकामेव्याच्या वड्यांचा) डबा आणायला सांगत. एकदा भातावर तुपाची दुसरी पळी पडू नये म्हणून मी ताटावर हात आडवा धरला, तर तूप मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले आणि वर 'तुला नव्हे, बाळाला वाढते आहे' हेही ऐकून घ्यावे लागले.

माझे वजन 9 किलो वाढले आणि मुलगी 2.9 किलोची झाली. तरीही बारशाला जाऊबाई चारचौघींत म्हणाल्या, "पोटातल्या पोरीला उपाशी ठेवलं हिनं." अडीच किलोच्या आतले बाळ कमी वजनाचे समजतात, हे तेव्हा मला सुचले नाही, म्हणून हिशेब इथे मांडते: बाळ 2.9, वार आणि गर्भजल मिळून सुमारे दीड, वाढलेले रक्त दीड, गर्भाशय व स्तन मिळून दीड, आणि उरलेली दीडएक किलो चरबी. यात उपास कुठे दिसतो? चौथ्या महिन्यापासून रोज साधारण 350 कॅलरी जास्त लागतात, आणि तेवढ्या एक ज्वारीची भाकरी, वाटीभर आमटी व कपभर दुधात भागतात. तेही डाळ, पालेभाजी, अंडी यांकडे लक्ष देऊन. करदंट खावा, पण तो जेवणाच्या वर रोज दोन-दोन वड्या नव्हे.

तुम्ही मुळात सडपातळ असाल, बीएमआय 18.5 च्या खाली असेल, तर मात्र 12.5 ते 18 किलो वाढायला हवे आणि तिथे तुमच्या सासूबाईंचेच बरोबर आहे. जुळे असल्यास आकडे वेगळे. वजन आठवड्याभरात एकदम चढले, चेहरा-हात सुजले, डोके दुखू लागले किंवा अंधुक दिसू लागले तर त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्यावा.

ते तायी कार्ड मी अजून कपाटात ठेवले आहे. जाऊबाईंनी ते एकदाही बघायला मागितलेले नाही.