आधी रजिस्टर उघड

बाळा, अनेक आशीर्वाद.

रविवारच्या बैठकीत तुझा कागद बाजूला पडला, त्याचं मलाही वाईट वाटलं. घरी आणून पुन्हा वाचला. ‘वाचनालयाचा कारभार सुधारावा, वेळ सोयीची करावी, तरुणांना वाव द्यावा.’ मागण्या रास्त आहेत, पण हात वर करायचा तो नेमका कशासाठी, हे समितीला कळलंच नाही. शिवाय ‘सुधारावा’ हा शब्द बोचतो. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. या भागात वाचनालय म्हणजे मराठीचं घर. ज्यांनी ते जपलं, त्यांना तो शब्द ठपक्यासारखा लागतो.

एकच विषय धर, वेळेचा. देवघेवीचं रजिस्टर उघड आणि तीन महिन्यांच्या नोंदी मोज. आपण पाच ते सात उघडतो. रोप लावणीच्या दिवसांत माणसं दिवेलागणीला शेतातून येतात, बेळगावला कामाला जाणारे त्याहून उशिरा बसमधून उतरतात. त्यांच्यातल्या कितींनी पुस्तक नेलं, तो आकडा लिही. त्याच्या वर एकच वाक्य: ‘१ ऑगस्टपासून दोन महिने वाचनालय साडेसहा ते साडेआठ उघडं ठेवावं.’

आता शाळा सुटल्यावर दप्तरासकट येणाऱ्या मुलींचं काय? त्यांना रात्री घरून कोण सोडणार? ही अडचण तूच लिही. दुसऱ्या कुणी काढली तर ठराव तिथेच पडेल. बुधवार-शनिवार जुनी वेळ ठेवता येईल. किल्ली कोण सांभाळणार तेही लिही, आणि तिथे तुझं नाव घाल. गल्लीतला बंद दिवा यात आणू नकोस. तो ग्रामपंचायतीचा विषय, त्याचा अर्ज वेगळा आणि कन्नडमध्ये.

तुझ्या वयाचा असताना मी फाटकी पुस्तकं काढून टाकायची सूचना ‘आयत्या वेळच्या विषयां’त मांडली होती. ती पुस्तकं दारोदार फिरून ज्यांनी गोळा केली, ते समोरच बसले होते. एक शब्द न बोलता ते उठून गेले. त्यांना आधी भेटलो नाही, हे मला अजून सलतं.

म्हणून आधी ग्रंथपालांच्या घरी जा. कच्चा कागद दाखव, ते सांगतील ते ऐक. अनुमोदकही आधीच ठरव. मग आठ दिवस अगोदर कार्यवाहांकडे लेखी दे, म्हणजे विषय विषयपत्रिकेत येईल.

रजिस्टरच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. गुरुवारी संध्याकाळी ये, दोघं मिळून मोजू.

तुझे,
काका